तलावावर न आलेला सारस

माझ्या दारातल्या अंजिराच्या झाडावर शिंपी पक्ष्याचं घरटं आहे, हे मला शिलाई मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसानं सांगितलं. मी जीवशास्त्राची शिक्षिका. त्या घरात राहायला येऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी त्याच झाडाखाली उभी राहून मी दात घासायची, आणि मला पत्ता नव्हता.

नोकरीमुळं मी जळकोटला खोली करून राहते. नवरा, सासूबाई आणि घर विष्णुपुरीला. महिन्यातून दोनदा एसटीनं घरी जाते, बाकीचे दिवस एकटी. संध्याकाळी हाताला काही काम असावं म्हणून आईचं जुनं पायाचं मशीन इकडं आणून ठेवलं होतं. ते अडकायला लागलं तेव्हा शेजारीण म्हणाली, चाचांना बोलवा. गावात लहानथोर सगळे त्यांना चाचाच म्हणतात. साठी ओलांडलेले, उंच, थोडे वाकलेले, जाड चष्मा, शर्टाच्या खिशात कायम एक छोटा पेचकस. त्यांनी मशीन उघडायच्या आधी चाक दोनदा फिरवलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, "आत धागा गुंतलाय." तसंच निघालं. मग तेलाचा थेंब सोडता सोडता ते एकदम थांबले आणि दाराबाहेर बघायला लागले.

"मॅडम, आपल्या झाडात शिंप्याचं घर हाय की."

"कुठल्या शिंप्याचं?" मी विचारलं.

दुसरा कुणी असता तर हसला असता. ते हसले नाहीत. मला बाहेर घेऊन गेले आणि एक फांदी न हलवता बोटानं दाखवली. दोन पानं एकमेकांना शिवलेली, मध्ये कापूस, कापसात काहीतरी हलत होतं. "टाका बघा कसा मारलाय," ते म्हणाले. "एवढा बारीक टाका मशीनला बी जमायचा न्हाई."

पुढच्या रविवारी ते मला तलावावर घेऊन गेले.

आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर हा तलाव आहे. आधी तो नुसता पाझर तलाव होता, गुरं धुवायची जागा. पुढं पक्ष्यांसाठी तो संरक्षित केला. तारेचं कुंपण झालं, फाटक आलं, बांधावर एक लोखंडी मनोरा उभा राहिला, मासेमारी बंद झाली. हिवाळ्यात तिथं इतकी बदकं उतरतात की पहाटे लांबून बाजार भरल्यासारखा कलकलाट ऐकू येतो. चाचा कुंपण नव्हतं तेव्हापासून तिथं जात होते. पुस्तकातली नावं त्यांना फारशी ठाऊक नव्हती. चक्रवाकाला ते सुरखाब म्हणायचे, टिबुकलीला डुबकीवाली. पण पाण्यावर शंभर पक्षी असले आणि त्यात एक वेगळा असला, तर त्यांची नजर आधी त्याच्यावर जायची. मी घरी येऊन पुस्तक उघडायची, त्यांनी सांगितलेल्या खुणा जुळवायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना सांगायची. मुलं खूश असायची. हे सगळं मला कुणी शिकवलं, ते मी वर्गात कधी सांगितलं नाही. तेव्हा त्यात काही चुकतंय असंही वाटलं नाही.

दोन वर्षांत तलावाचं नाव झालं. गावातल्या एका डॉक्टरांनी पक्षिमित्रांचा गट काढला. त्यात बहुतेक पुरुष, प्रत्येकाच्या गळ्यात हातभर लांबीचा कॅमेरा. मी एकटी बाई. मला गटात घेतलं ते मराठी नावांची यादी करायला. रविवारी पोहे करून आणायचं कामही कधी माझ्याकडं आलं, ते कळलं नाही. एकदा मी एका पक्ष्याला तलवार बदक म्हणाले. तर औषधाच्या दुकानवाल्या एका सभासदानं सगळ्यांसमोर, "मॅडम, ते थापट्या आहे, चोच बघा," असं ठणकावून सांगितलं. ते तलवार बदकच होतं. मागं उभे असलेले चाचा हळूच म्हणाले, "शेपटी बघा की साहेब, सुईवानी हाय." पण तोपर्यंत सगळे पुढं गेले होते. त्या दिवशी घरी येऊन मी डब्यातले उरलेले पोहे टाकून दिले आणि बराच वेळ चिडून बसले. हे सांगते आहे ते स्वतःचा बचाव म्हणून नाही. पुढं जे केलं त्याच्या आधी माझ्या मनात काय साचलं होतं, ते कळावं म्हणून.

जानेवारीतली सकाळ होती, आठवड्यातला कामाचा दिवस. माझा पहिला तास नव्हता म्हणून एकटीच तलावावर गेले. पाण्यावर धुकं होतं. मनोऱ्यावर चढून दुर्बीण लावली, तर पलीकडच्या काठावर धुक्यात एक मोठा राखाडी पक्षी उभा. लांब पाय, लांब मान, आणि डोक्याशी काहीतरी लालसर. सारस! माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा. आपल्याकडं तो दिसतच नाही, असलाच तर पार गोंदियाच्या बाजूला. मी मोबाइल काढला आणि गटावर लिहिलं, "सारस! एक. पूर्वेच्या काठावर. आत्ता बघतेय." आणि पाठवून दिलं.

पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली. धुकं थोडं सरकलं होतं. डोक्यामागं जे लाल दिसत होतं ती बेशरमीच्या झुडपावर अडकलेली कसलीतरी चिंधी होती. पक्षी दोन पावलं चालला, वाकला, आणि उडाला. मान दुमडून. बगळे उडताना मान आखडून घेतात, सारस मान सरळ ताणून उडतो. हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. तो राखी बगळा होता. आमच्या तलावावर रोज चार-पाच असतात.

चूक इथपर्यंत होती. चूक कुणाचीही होते.

हातातला मोबाइल थरथरला. पाठोपाठ पुन्हा, पुन्हा. अभिनंदन, अंगठे, टाळ्या. मग डॉक्टरांचा फोन. "मॅडम, कमाल केलीत! अहो, तालुक्यात आजवर कुणी पाहिला नसेल! फोटो मिळाला का?"

"धुकं होतं हो," मी म्हणाले. "उडून गेला."

ही दोन्ही वाक्यं खरी होती. डॉक्टर म्हणाले, "ते ठीक आहे, तुमच्यासारख्या अभ्यासू माणसानं पाहिला म्हणजे झालं." अभ्यासू माणूस. मी फोन ठेवला आणि मनोऱ्याच्या पायऱ्या उतरायला लागले. तो संदेश पुसून टाकता आला असता. 'चूक झाली, राखी बगळा होता' असं लिहिलं असतं तर चार जण हसले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. आधी कॉलेजला पोहोचते आणि मग बघते, असं मी स्वतःला सांगितलं. कॉलेजला पोहोचले तर प्राचार्य फाटकातच उभे होते. त्यांना कळलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, चाचा माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर नको म्हणाले, फाटकाशीच उभे राहिले. पायात चिखलानं माखलेल्या चपला होत्या.

"मॅडम, आपण सारस पाह्यला म्हणं?"

"हो चाचा."

"मी तरुणपणी दोन वर्षं गोंदियाकडं व्हतो. तिथं भाताच्या खाचरात लई पाह्यलेत. जोडीनं राहतेत. ह्यो एकटाच?"

"एकटाच."

त्यांनी चष्मा वर सरकवला. मग विचारलं, "उडला तवा मान कशी व्हती?"

ती वेळ होती. फाटकाच्या अलीकडं मी, पलीकडं ते, दुसरं कुणी नाही. हा माणूस मला हसला नसता. जो शिंप्याच्या घरट्यावरून मला हसला नाही, तो बगळ्यावरूनही हसला नसता. आणि मी म्हणाले, "सरळ. अगदी बाणासारखी. पाय मागं लांब."

पायांचं मला कुणी विचारलंही नव्हतं.

"हाव का," ते म्हणाले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला, पुन्हा घातला. "बरं मॅडम. खुदा हाफिज." आणि गेले.

पुढच्या काही दिवसांत जे झालं ते मला थांबवता आलं असतं असं मी म्हणणार नाही, कारण मी थांबवायला गेलेच नाही. पेपरात दोन बोटांची बातमी आली. कॉलेजात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मुलींनी टाळ्या वाजवल्या, एकीनं माझ्यावर कविता म्हटली. गटानं तलावाच्या फाटकाशी एक फलक लावला. त्यावर सारसाचं मोठं रंगीत चित्र, आणि खाली हा पक्षी या तलावावर आढळला आहे, अशी ओळ. नवऱ्यानं विष्णुपुरीत शेजाऱ्यांना बोलवून बातमी वाचून दाखवली. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "किती मोठा गं?" मी म्हणाले, "माझ्या खांद्याएवढा." खोटं बोलायला लागलं की त्याला मापंही द्यावी लागतात.

चाचा मात्र रोज तलावावर यायला लागले. आधी ते आठवड्यातून दोन-तीनदा यायचे. आता रोज पहाटे, आणि पूर्वेच्या काठाला. तिकडं रस्ता नाही, गाळातून चालत जावं लागतं. तलावावरचा वनरक्षक मला एकदा म्हणाला, "चाचा येडे झालेत का काय मॅडम? रोज त्याच जागी जाऊन बसून राहिलेत. म्हटलं काय शोधून राहिलात, तर म्हणतेत, माझी नजर शोधतोय."

मला त्याचा अर्थ कळला नाही. खरं तर कळून घ्यायचाच नव्हता.

फेब्रुवारीत नांदेडहून पक्षी बघणाऱ्यांच्या दोन गाड्या आल्या. दुसऱ्या रविवारी पुन्हा आल्या. सारस कुठं दिसणार? त्यांच्यात एक जाणते गृहस्थ होते. आवाज न चढवता ते म्हणाले, "एकटा सारस, इतक्या लांब, आणि कुणालाच पुन्हा दिसला नाही. थोडं अवघड वाटतं." डॉक्टर लगेच पुढं सरसावले. "आमच्या मॅडम जीवशास्त्राच्या आहेत, साहेब." ते गृहस्थ चाचांकडं वळले. त्यांना वनरक्षकानं सांगितलं होतं की तलावाची खरी माहिती या म्हाताऱ्याला आहे.

"तुम्ही रोज असता म्हणे इथं. तुम्हाला दिसला का?"

मी तीन हातांवर उभी होते. चाचांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, संशयानंही नाही. मग त्या माणसाला म्हणाले, "मॅडमनी पाह्यला म्हंजी पाह्यलाच. त्या शिकलेल्या हायत. माझं काय, माझी नजर आता पहिल्यासारखी न्हाई राह्यली. मोतीबिंदूचं आपरेशन झालंय. माझं धरू नका."

सगळे माझ्याकडं वळून हसले. चांगल्या अर्थानं. मी पण हसले. त्या हसण्याची आठवण आली की आजही मी जिथं असेन तिथं माझे कान तापतात. वर्गात, बसमध्ये, भाजी चिरताना.

त्यानंतर चाचा रविवारी गटाच्या जवळ यायचे बंद झाले. कुणी पाण्याकडं बोट करून विचारलं तर म्हणायचे, "मॅडमला इचारा, मला नीट दिसत न्हाई." मार्चमध्ये ते तलावावरच दिसेनासे झाले. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायला हवं, म्हणून लिहिते.

एप्रिलमध्ये माझं मशीन पुन्हा अडकलं. मी बरेच दिवस तसंच ठेवलं. मग भाचीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायचे होते म्हणून चाचांच्या घरी निरोप द्यायला गेले. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. नेहमी तिथं चार-पाच मशीनं उघडून पडलेली असायची. आता एकही नव्हतं. त्यांची सून बाहेर आली.

"अब्बा आता काम घेत नाहीत, मॅडम. दोन महिने झाले."

"का? बरं नाही का?"

"तब्येत चांगली आहे. म्हणतात नजरेचा भरवसा नाही, कुणाच्या मशीनचं नुकसान व्हायचं. लातूरला नेऊन डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणाले काहीच झालेलं नाही, ऑपरेशन चांगलं झालंय. पण ऐकत नाहीत."

चाचा मागं अंगणात कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. मला बघून उठायला लागले. मी बसा बसा म्हणत समोरच्या स्टुलावर बसले. ते वाळले होते. खिशात पेचकस नव्हता. मी मशीनचं बोलले नाही. विचारलं, "तलावावर येत नाही तुम्ही?"

"येऊन काय करू, मॅडम?" ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून, जणू स्वतःचीच काही लाजिरवाणी गोष्ट सांगावी तसं, हळू आवाजात म्हणाले, "आपल्याला एक सांगतो, कुणाला बोलू नका. त्या दिवशी, आपण सारस पाह्यला त्या दिवशी, मी बी तिथंच व्हतो. मनोऱ्याच्या खाली, बाभळीच्या आड. आपण वर व्हता. त्योच पक्षी मी पाह्यला. उडताना पाह्यला."

त्यांनी पुन्हा एकदा दाराकडं नजर टाकली.

"मला राखी बगळा दिसला, मॅडम. मान दुमडलेली. मी कसम खाऊन सांगितलं असतं बगळा हाय म्हणून. मग गावात आलो तर समदे सारस सारस करून राहिले. म्हटलं जाऊन इचारावं. आपण म्हणल्या, मान सरळ व्हती. बाणासारखी." त्यांनी दोन्ही हात डोळ्यांवरून फिरवले. "तवा मला कळलं. समोर सारस हाय आन् मला बगळा दिसतोय. तर मग आजवर मी लोकांला काय काय खोटं सांगितलं आसंल? तिथं जाऊन रोज बसलो, म्हटलं परत दिसला तर नजर जुळवून बघावी. न्हाई दिसला."

सुनेनं चहा आणला. मी तो चहा प्यायले. भाचीच्या लग्नाचं बोलले, उन्हाचं बोलले, आणि उठून घरी आले.

हे मी सर्वांत कमी लोकांना सांगितलंय. सारसाचं खोटं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण चाचांनी हे बोलल्यावर, त्यांच्या अंगणात बसून, समोरासमोर, मी चहा पिऊन उठले, हे त्या घराबाहेर आजवर फक्त नवऱ्याला माहीत आहे. मनोऱ्यावर मी घाबरून गेले होते असं म्हणता येईल. फाटकाशी ते विचारत होते तेव्हा दिवसभराचं कौतुक डोक्यात होतं. अंगणात मात्र कसलंच कारण नव्हतं. समोर एक माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावून बसला होता, माझ्या एका वाक्यामुळं, आणि मी विचार करत होते की आता सांगितलं तर मी कशी दिसेन.

नऊ दिवस गेले. त्यातल्या शनिवारी मी विष्णुपुरीला गेले, आणि जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हात धुवून आला आणि म्हणाला, "मला का सांगतेस? मी काय करू?" मला वाटलं होतं तो समजूत काढेल. त्यानं ताट उचललं आणि आत गेला. सोमवारी मी पहिल्या एसटीनं जळकोटला आले आणि खोलीवर न जाता बसस्टँडवरून सरळ चाचांच्या घरी गेले.

ते त्याच बाजेवर होते. सून धान्य निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "चाचा, तो राखी बगळाच होता. मान दुमडलेलीच होती. मला तेव्हाच दिसलं होतं. मी खोटं बोलले."

त्यांना लगेच कळलं नाही. "काय म्हणल्या?"

मी पुन्हा म्हणाले. सुनेचे हात थांबले.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "माझे डोळे ठीक हायत?"

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला. लपवता न येणारा, उघडा आनंद. तो मी पाहिला आणि मला वाटलं, चला, झालं, आता सगळं सरळ होईल. पण तो फार वेळ टिकला नाही. ते माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली, काहीतरी हिशेब लागत नसल्यासारखी. मग त्यांनी मान वळवली आणि सुनेला हाक मारली.

"बेटा, त्या तारेवर काय बसलंय?"

सुनेनं वर बघितलं. "काळं पाखरू हाय अब्बा. शेपटी दुभंगलेली."

"हाव," ते म्हणाले. "कोतवाल हाय. मला बी त्योच दिसला."

मी त्या तारेखालीच उभी होते. कोतवाल मला ओळखता येतो. त्यांनी मला विचारलं नाही.

मी माफी मागितली. त्यांनी हात वर केला, पुरे अशा अर्थानं. "चहा घेऊन जा," म्हणाले. पण स्वतः उठून आत गेले. मी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. सून फाटकापर्यंत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, दोन महिने ते दिवसातून दहादा सुईत दोरा ओवून बघायचे. ओवला जायचा. तरी म्हणायचे, हे बी खोटंच असंल." ती रागावून बोलली नाही. आत गेली आणि दार लोटून घेतलं.

त्याच दुपारी मी गटावर लिहिलं. चार ओळी लिहायला मला दोन तास लागले, कारण प्रत्येक वेळी धुकं, घाई, गैरसमज असे शब्द आपोआप यायचे आणि मी ते खोडायची. शेवटी एवढंच ठेवलं की तो राखी बगळा होता, मला हे त्याच सकाळी कळलं होतं, आणि चाचांनी त्या दिवशी तो बरोबर ओळखला होता. डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, कशाला उकरून काढलंत? बोर्ड लागलाय, लोक यायला लागलेत. आपल्या तलावाचं नाव जाईल." मी म्हणाले, जायचं तर जाऊ दे. औषधाच्या दुकानवाल्यानं गटावर एक हसरा चेहरा टाकला. नांदेडच्या त्या जाणत्या गृहस्थांनी लिहिलं, "धन्यवाद." बाकीचे गप्प राहिले. मला वाटलं होतं लोक फाडून खातील. तसं काही झालं नाही. आठवड्याभरात विषय संपला, आणि तो इतक्या लवकर संपला याचंही मला बरं वाटलं नाही.

प्राचार्यांकडं शाल परत करायला गेले तर ते म्हणाले, "अहो, ठेवा, थंडीत उपयोगी पडेल." फलकाचं वनरक्षकाला विचारलं. तो म्हणाला, "लेखी द्या मॅडम, म्हंजी मी वर पाठवतो." मी लेखी दिलं. मी पाहिलेला पक्षी सारस नव्हता, मी जाणूनबुजून चुकीची माहिती दिली. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. पावसाळ्याच्या आधी फलक निघाला. दोन खड्डे तेवढे राहिले, तेही पावसानं भरले.

चाचांनी काम पुन्हा सुरू केलं. ते अडकलंय हे शेजारणीकडून कळल्यावर माझं मशीनही त्यांनीच दुरुस्त केलं. मी नसताना सुनेबरोबर येऊन, शेजारणीकडून किल्ली घेऊन. मी आले तेव्हा ते तेलपाणी होऊन जागेवर होतं, खाली सांडलेलं तेलसुद्धा पुसून ठेवलेलं. थंडी पडल्यावर ते तलावावर यायला लागले. नांदेड-लातूरकडची माणसं आली की त्यांच्याभोवती घोळका होतो. ते सुरखाब दाखवतात, चपट्या चोचीचे चमचे दाखवतात, आणि आता पुस्तकातली नावंही सांगतात. मी लांबून ऐकते. मी जवळ गेले तर ते बोलणं थांबवत नाहीत, पण माझ्याकडं बघून बोलत नाहीत. पूर्वी ते मध्येच बोट वर करून "मॅडम, ऐका" म्हणायचे, मी कान द्यायची आणि मग आम्ही दोघं मिळून आवाज शोधायचो. ते बंद झालंय.

मागच्या महिन्यात उदगीरच्या बसमध्ये आम्ही एका बाकावर आलो. दुसरी जागाच नव्हती. त्यांनी सरकून मला जागा दिली, सलाम केला, घरचे कसे आहेत विचारलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारलं, त्यांना ते लक्षात होतं. मी त्यांच्या नातीच्या परीक्षेचं विचारलं. ती बारावीला आहे, जीवशास्त्रात तिला चांगले मार्क पडतात, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, काही अडलं तर माझ्याकडं पाठवा. ते "बघू" म्हणाले. रस्ता खराब आहे, बस हळू चालत होती. खिडकीतून शेतं दिसत होती, ज्वारी उभी होती, तारांवर पाखरं होती. ती दोघांनाही दिसत असणार. आम्ही नातीच्या क्लासबद्दल बोलत राहिलो, कुठला चांगला, कुठला लांब पडतो. उदगीरला उतरताना त्यांनी माझी पिशवी खाली घेऊन दिली आणि मागं न बघता गर्दीत निघून गेले.